मरव्याची महिरप

पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या आमच्या घरी बसणार, हे मला भाजी निवडता निवडता कळलं. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, आमच्या ह्यांना फोनवर सांगितलं आणि ह्यांनी मला, नळाला पाणी कधी येणार हे सांगावं त्या सुरात. मला आनंद झाला. आधी हेच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना मी फार थोर मनाची आहे असा कुणाचा समज व्हायचा, आणि तो खरा नाही.

पुण्याकडचे लोक ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या इंदूरकडे महालक्ष्म्या. गणपतीच्या दिवसांत त्या पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. आमच्या घराण्यात त्या थोरल्याकडे, म्हणजे सुदामा नगरात दादा आणि वहिनींच्या घरी उभ्या राहतात. लग्न होऊन आल्यापासून मी दरवर्षी राजेंद्र नगरहून तिकडे जाते, पुरण वाटते, ताटं पुसते आणि संध्याकाळी उरलेल्या पोळ्या डब्यात घेऊन परत येते. वहिनींबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. मी नवी असताना मला ह्या घरातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा सासूबाईंची अर्धी बोलणी त्यांनी माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतली. तरीही आपल्याच देवीकडे दरवर्षी पाहुणी म्हणून जायचं मला खुपायचं. एकदा तरी आपल्या घरात त्या उभ्या राहाव्यात, त्यांना साडी आपण नेसवावी, असं फार वाटायचं.

वहिनींचे हात कापायला लागून दोनतीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, जे सांगायला डॉक्टर कशाला हवा. आधी सुईत दोरा जाईना, मग हातातली कपबशी वाजायला लागली. पण खरी गेली ती रांगोळी. महालक्ष्म्यांच्या जेवणाला वहिनी प्रत्येक सवाष्णीच्या ताटाभोवती रांगोळीची महिरप काढायच्या, म्हणजे ताटाला कमानीसारखी वेढणारी नक्षी. दोन ताटांची महिरप कधी सारखी नसायची. बायका आधी सगळ्या पंगतीतून एक फेरी मारायच्या, मग आपापली जागा पसंत करायच्या आणि त्यावरून लटकी भांडणंही व्हायची. पुढे सगळ्यांचे गुडघे कुरकुरू लागले, टेंट हाउसची टेबलं आली आणि रांगोळी कोशिंबिरीत जाऊ लागली. मग महिरप उरली ती फक्त देवीच्या नैवेद्याच्या ताटांपुरती.

मागच्या वर्षी तीही बिघडली. रेघ थरथरत गेली, एका जागी चिमटीतून रांगोळी सांडून ढीग झाला. आत्या, म्हणजे ह्यांची सख्खी आत्या, सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘आता पुरे कर गं. देवीसमोर असं वाकडंतिकडं चांगलं नाही दिसत.’’ वहिनींनी हसून ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतलं. नंतर आमटी वाढताना त्यांच्या हातून एकीच्या साडीवर सांडली, आणि मग त्या वाढायला बाहेर आल्याच नाहीत.

दादांनी हे सगळं मनात ठेवलं होतं. त्यातून आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे मातीचे, आजेसासऱ्यांच्या वेळचे. वहिनींच्या हातून एखादा निसटला तर काय, ह्या विचाराने दादांची झोप उडायची. मुखवटे धाकट्याकडे गेलेले बरे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

‘‘वहिनींना विचारलं का?’’ मी ह्यांना म्हटलं.

‘‘दादा सांगेल ना त्यांना.’’

‘‘मी ‘विचारलं का’ म्हणाले. ‘सांगेल का’ नाही म्हणाले.’’

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझंही काही वेगळं नव्हतं म्हणा. प्रश्न विचारून झाला एवढ्यावर मीही समाधान मानलं आणि मेथीच्या काड्या मोडता मोडता आमच्या हॉलमध्ये महालक्ष्म्या कुठल्या भिंतीला उभ्या राहतील ह्याचा विचार करू लागले.

त्याच दिवसांत मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. कुठल्याशा थंड देशातल्या सणाचं टेबल होतं आणि प्रत्येक ताटाभोवती ताज्या, वासाच्या पाल्याचं कडं. मला ते इतकं आवडलं की मी ते परत परत पाहिलं. आपल्याकडे मरवा आहे, पुदिना आहे, पानओवा तर माझ्या गच्चीत कुंडीबाहेर सांडतो. रांगोळीची महिरप टेबलावर चालत नाही, पाल्याची चालेल. पुढच्या वर्षी आपल्याकडे हेच करायचं, असं मी ठरवलं, आणि ह्या वर्षी सुदामा नगरात करून बघावं, म्हणजे हात बसेल. थोडक्यात, वहिनींच्या घरी मी माझी रंगीत तालीम करणार होते.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी नेहमीसारख्या दारात आल्या नाहीत. आत पलंगावर साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. घडीची टोकं जुळत नव्हती, त्या पुन्हा उलगडत होत्या.

‘‘तुला माहिती होतं?’’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

‘‘मला काल सांगितलं ह्यांनी. विचारलं पण नाही गं, सीधं सांगून टाकलं. जसं काही माझी बदली झाली.’’ त्या थोडं हसल्या. ‘‘तुझ्यावर राग नाही माझा. तू करशील चांगलं. पण मी काय करू गं ह्या दिवसांत मग? तुझ्याकडे येऊन खुर्चीवर बसू?’’

खुर्चीवर बसणं काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी त्यांच्या हातातली साडी घेतली आणि घडी घातली. ती नीट बसली ह्याचंच मला वाईट वाटलं.

त्या वर्षी मुखवटे दादांनी बसवले. वहिनी बाजूला उभ्या राहून उजवीकडे सरकवा, थोडा मागे, असं सांगत होत्या आणि दादा हो हो म्हणत मनाला येईल तसं करत होते.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, मी सकाळी लवकर निघाले. आदल्या संध्याकाळी बाजारातून जुड्या आणल्या होत्या. फूलवाल्याकडे इतका मरवा मागितला की तो म्हणाला, ‘‘आंटीजी, शादी है क्या?’’ गच्चीतला पानओवा, गवती चहा, फुलावर आलेली कोथिंबीर, पुदिना आणि तुळस असं सगळं ओल्या पंच्यात गुंडाळून मी सुदामा नगर गाठलं. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. मी मागच्या खोलीत सतरंजी घातली, पाला पसरला आणि शिवणाच्या दोऱ्याने छोट्या छोट्या जुड्या बांधायला बसले. व्हिडिओत बाई हसत हसत बांधत होती. माझ्या जुड्या एकतर सुटत होत्या, नाहीतर दोऱ्याने गळा आवळल्यासारख्या माना टाकत होत्या.

वहिनी दारात येऊन बघत होत्या. ‘‘काय करून राहिली तू हे?’’

मी सांगितलं. पुढच्या वर्षीची तालीम आहे, एवढं मात्र गाळलं. त्यांना ते कळायचं राहिलं असेल असं वाटत नाही. त्या खाली बसल्या, गुडघ्याला हात लावून, आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्या तयार जुडीतून तुळस उपसून बाजूला काढली.

‘‘ही कुणाच्या ताटाला लावून राहिली होती?’’

‘‘सगळ्यांच्याच.’’

‘‘अगं, तुळस पडली की ते ताट देवाचं. तू आत्यापुढे तुळशीची महिरप ठेवलीस तर ती जेवेल की आरतीची वाट बघेल?’’

आम्ही दोघी हसलो. कालपासून त्या घरात कुणी मोकळेपणी हसलं नव्हतं. तुळस नैवेद्याच्या दोन ताटांसाठी वेगळी ठेवली. इतकी वर्षं नैवेद्य वाढूनही मला हे सुचू नये म्हणजे कमालच, पण व्हिडिओतल्या बाईने सांगितलं नव्हतं ना.

मग त्यांनी एक जुडी बांधून बघितली. दोरा बोटावरून निसटला, पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. मरव्याची पानं गळून मांडीवर पडली. त्यांनी दोरा खाली ठेवला. ‘‘राहू दे. माझ्याने नाही होत.’’ हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, आणि मला दादांचा, आत्याचा, डॉक्टरांचा आणि माझा स्वतःचाही फार राग आला.

मी मान खाली घालून बांधत राहिले. जरा वेळाने फाटल्याचा आवाज आला. नैवेद्यासाठी आणलेल्या केळीच्या पानांपैकी एक त्यांनी ओढून घेतलं होतं आणि त्याची लांब पट्टी फाडली होती. केळीचं पान शिरेच्या रेषेत आपोआप सरळ फाटतं, त्याला हात स्थिर लागत नाही. वहिनी पट्टीला नखाने चिरा देत गेल्या आणि पहिल्या चिरेत त्यांनी मरव्याची काडी खोवली.

‘‘बांधायचं कशाला?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही लहानपणी वेण्या अशाच करायचो, केळीच्या खोडाच्या सोपटात खोवून. दोरा मिळायचाच नाही.’’

मी बघत होते. काडीचं टोक चिरेपाशी येऊन इकडेतिकडे व्हायचं, एकदा चुकायचं, पण चीर लांब होती. कधी ना कधी टोक आत जायचं, आणि एकदा गेलं की पान त्याला धरून ठेवायचं. रांगोळीत हात हलला की रेघेवर कायमचं दिसतं. इथे दुसरी काडी पहिलीवर बसत होती, तिसरी दुसरीवर, आणि मरव्याच्या त्या दाट पाल्यात कुठली सरळ गेली आणि कुठली वाकडी हे शोधूनही सापडलं नसतं. पहिली पट्टी पूर्ण झाल्यावर त्यांनी ती एका रिकाम्या ताटाभोवती वळवली. ती आपणहून कमानीसारखी बसली.

‘‘पंखा बंद कर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मरवा सुकून राहिलाय.’’

त्यानंतर मी फक्त हाताखाली होते. भाद्रपदातलं ते उकडणं, बंद पंखा, मागची खोली आणि मरव्याचा वास. मी पट्ट्या फाडत होते, त्या खोवत होत्या, आणि कुठल्या ताटाला काय हे त्याच ठरवत होत्या. एकीला पानओव्याची जाड, कातरलेल्या काठाची पानं एकावर एक. एकीला गवती चहाच्या पात्या वळवून केलेले फास, त्यांच्या मधोमध कोथिंबिरीची पांढरी फुलं. पुदिना आत्याच्या ताटापासून लांब, कारण तिला शिंका येतात. दोन ताटं सारखी होत नव्हती. हात कापतच होते, बांगड्या वाजतच होत्या, गोळीची वेळ मीच लक्षात ठेवून पाणी दिलं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी मला चारदा तरी पट्टी जाड फाडली म्हणून बोलणी खाऊ घातली. मला बरं वाटत होतं. जुन्या वहिनी परत आल्यासारख्या होत्या.

दुपारी सवाष्णी आल्या. टेबलावर ताटं मांडलेली, प्रत्येक ताटाला हिरवी महिरप. त्या दारातच थबकल्या आणि मग पूर्वीसारखी एक फेरी सुरू झाली. ही जागा माझी, नाही आधी मी आले, असं चालू झालं. आत्या चष्मा सावरत वाकली.

‘‘हे काय गं, पालेभाजी मांडलीये? खायची की बघायची?’’

‘‘वास घेऊन बघा,’’ मी म्हटलं.

तिने घेतला. ‘‘मरवा आहे. कुणी केलं हे?’’

वहिनी पोळ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. ह्या वर्षी आमटीला त्यांनी हात लावला नव्हता, पोळ्या वाढणार होत्या. पोळी सांडत नाही. मीच म्हटलं, ‘‘वहिनींनी. सगळं.’’

आत्याने वहिनींकडे पाहिलं, त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून बसली. ती काही माफी मागणाऱ्यांतली नव्हे. पण जेवण झाल्यावर तिने महिरपीतली एक काडी उपटून अंबाड्यात खोचली आणि ते बघून सगळ्यांनीच हात घातले. बायका गेल्या तेव्हा टेबलावर नुसत्या केळीच्या फाटक्या पट्ट्या होत्या आणि दारापर्यंत मरव्याचा वास.

मला वाटलं, झालं, आता दादांना कळलं असेल. वाटण्याला काही अर्थ नसतो. दादा दिवसभर पाहुण्यांच्या गाड्या लावण्यात आणि दक्षिणेच्या पाकिटांत गुंतलेले. त्यांनी महिरप पाहिली, छान झालं म्हणाले आणि विसरले. त्यांच्या मनातली भीती हिरव्या पाल्याने जाणारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली, महालक्ष्म्यांना हलवलं. साड्या उतरल्या. मुखवट्यांची लाकडी पेटी दादांनी बाहेर काढून टेबलावर ठेवली, आत मऊ जुनं लुगडं अंथरलं आणि ह्यांना हाक दिली, ‘‘अरे भिया, गाडी जरा गेटसमोर घे. पेटी मागच्या सीटवर ठेवू.’’

हे किल्ली घेऊन उठले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या देवीच्या बाजूला उभ्या होत्या, पदर खोचलेला. आदल्या दिवशी त्या खोलीत मी जे पाहिलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते टेबलावर होतं, दोन मिनिटांत गाडीत गेलं असतं, आणि मला ते नको झालं. त्यागबिग काही नव्हता त्यात. ती पेटी आमच्या हॉलमध्ये आणून मला एक दिवसही सुखाने बघता आलं नसतं.

‘‘दादा, आमच्याकडे नाही जमणार,’’ मी म्हटलं. ‘‘जागा नाही.’’

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मुखवटा फोडला. कारण महिन्याभरापूर्वी ह्यांच्याकडूनच सोफा सरकवून घेऊन मी ती भिंत मोजली होती.

‘‘जागा नाही म्हणजे? मोठा हॉल आहे तुमचा.’’

‘‘आहे. पण महालक्ष्म्यांना नाही.’’

दादा पेटीपाशी बसले. रागावले नाहीत. ते थकलेले दिसत होते, आणि वहिनींकडे बघून जे बोलले ते ऐकून मला त्यांच्याबद्दलही वाईट वाटलं. ‘‘मी काय तुझ्यापासून काढून घेतोय का? अगं, तुझ्या हातून फुटला ना एखादा, तर लोक काय बोलायचं ते बोलतील, पण तू स्वतःला माफ करणार नाहीस. मला माहिती आहे ना तू कशी आहेस. मला ते बघायचं नाहीये.’’

‘‘मग मला विचारायचं होतं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘भीती माझी, की तुमची, ते तरी कळलं असतं.’’

असं म्हणून त्या पुढे झाल्या आणि त्यांनी थोरलीचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला. दादा अर्धवट उठले. ह्यांच्या हातातली किल्ली हातातच राहिली. मुखवटा हलत होता. नाकातली नथ, कानांतले झुबे, सगळं किणकिणत होतं, देवीचा चेहरा त्यांच्या हातांबरोबर थरथरत होता, आणि उभं राहण्याच्या जागेपासून पेटीपर्यंतची ती चार पावलं संपता संपेनात. दादांनी हात पुढे केला. वहिनींनी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी मुखवटा लुगड्यावर टेकवला, जागा पटेना म्हणून पुन्हा किंचित उचलून सरळ केला आणि वरून घडी ओढली. मग परत गेल्या आणि धाकटीचाही तसाच आणला.

पेटी बंद झाल्यावर त्या दादांकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं.

‘‘हात हलतात माझे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सोडत नाहीत.’’

दादांनी पेटी उचलली, बाहेर न जाता आतल्या खोलीत नेली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, दरवर्षीच्या जागी ठेवायला स्टूल ओढलं.

‘‘वर नको,’’ वहिनी मागून म्हणाल्या. ‘‘खालच्या कप्प्यात ठेवा. माझ्या हाताला येईल तिथे.’’